सर विल्यम गॅलोवे आणि कोळशाची धूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा गॅलोवे नक्की कोण? नाव कधी ऐकलंच नाही.

ऐकलं नसेलच, कारण खाण इंजिनिअरांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही, आणि ते मला मनापासून खटकतं म्हणूनच हे सगळं लिहून काढलंय. विल्यम गॅलोवे हा राणी व्हिक्टोरियाच्या काळातला माइनिंग इंजिनिअर, मूळचा स्कॉटलंडचा, पण आयुष्यातलं महत्त्वाचं काम केलं ते साउथ वेल्सच्या कोळसा खाणींत. कोळसा खाणीत होणारे मोठमोठे स्फोट फक्त गॅसमुळे होत नाहीत, खाली पडलेली कोरडी कोळशाची धूळ ते स्फोट मैलमैल लांब पसरवते, हे त्यानं १८७० च्या दशकात सांगितलं आणि पुढची वीस वर्षं तेच परत परत सांगत राहिला. आज जगातल्या कुठल्याही अंडरग्राउंड कोळसा खाणीत, अगदी आपल्या चंद्रपूर नागपूरकडच्या खदानीतसुद्धा, धुळीबद्दलचे जे नियम आहेत त्यांची सुरुवात शोधत गेलात तर या माणसापर्यंत पोचता.

जन्म, घर, शिक्षण?

१२ फेब्रुवारी १८४०, पेझ्ली, ग्लासगोजवळचं गाव. पेझ्ली म्हणजे तेच जिथल्या शाली प्रसिद्ध होत्या आणि ज्यावरून आपली कैरी डिझाइन जगभर पेझ्ली नावानं ओळखली जाते. घरची परिस्थिती चांगली होती. त्याचं शिक्षण मात्र त्या काळच्या ब्रिटिश खाण इंजिनिअरांपेक्षा वेगळं झालं. तो जर्मनीत गिसेन युनिव्हर्सिटीत शिकला, मग सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या बर्गअकाडेमीत, आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्येही.

फ्रायबर्ग हे नाव खाणवाल्यांसाठी फार मोठं आहे. १७६५ ला सुरू झालेली ही संस्था, खाणकाम हे शास्त्र म्हणून शिकवणारी, केमिस्ट्री, भूगर्भशास्त्र, सर्व्हे सगळं एकत्र. इंग्लंडमध्ये बहुतेक लोक एखाद्या अनुभवी इंजिनिअरच्या हाताखाली पैसे भरून उमेदवारी करायचे आणि काम करता करता शिकायचे. ती पद्धत वाईट नव्हती, त्यातून जबरदस्त माणसं तयार झाली, पण 'आमच्या गुरूंनी असंच सांगितलंय' ही सवयही तिथूनच लागायची. गॅलोवेला प्रयोग करून बघायची सवय होती आणि माझ्या मते पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

त्या काळात माइनिंग इंजिनिअर म्हणजे नक्की काय काम करायचा?

जवळजवळ सगळंच. शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, कुठे खोदायचा, किती खोल, पाणी कसं उपसायचं, हवा कशी खेळती ठेवायची, कोळशाचे किती खांब छताला आधार म्हणून सोडायचे, माणसं आणि कोळसा वर खाली ओढणारं वाइंडिंग इंजिन कुठलं बसवायचं, आणि मालकाला त्यातून नफा किती होईल याचा अंदाजसुद्धा. स्फोट झाला की पहिल्यांदा खाली उतरणाऱ्यांतही तोच असायचा, आणि अशा बचावकार्यात कितीतरी इंजिनिअर आणि मॅनेजर स्वतः गेले.

सरकारचा हात यात हळूहळू शिरत होता. १८४२ च्या कायद्यानं बायकांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली कामाला लावायला बंदी आली, १८५० ला खाण इन्स्पेक्टर नेमायला सुरुवात झाली, १८७२ च्या कायद्यानं मॅनेजरला सर्टिफिकेट लागायला लागलं. गॅलोवे याच इन्स्पेक्टरांच्या खात्यात शिरला, आधी वेस्ट स्कॉटलंड आणि मग साउथ वेल्स, असिस्टंट इन्स्पेक्टर म्हणून.

साउथ वेल्समध्येच का एवढे स्फोट व्हायचे?

तिथला स्टीम कोल. बोटींच्या बॉयलरला यापेक्षा चांगला कोळसा नाही अशी त्याची ख्याती होती, धूर कमी, ताकद जास्त, आणि ब्रिटिश नौदल तर यावरच चालायचं. मुंबईच्या गोदीत येणाऱ्या आगबोटींसाठीही वेल्सचा कोळसा समुद्रातून आणून साठवला जायचा. मागणी प्रचंड म्हणून ऱ्होंडा खोऱ्यात आणि आजूबाजूला एकामागोमाग एक खोल खाणी निघाल्या. खोल गेलं की मिथेन, म्हणजे कोळशातून सुटणारा आणि पेट घेणारा गॅस, वाढतो, खडक गरम असतात, खाण कोरडी पडते, आणि हा कोळसा ठिसूळ असल्यामुळे त्याची बारीक पूड फार होते. टब, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाड्या, भरून घोड्यांनी किंवा दोरखंडानं ओढत नेताना रस्ताभर ती सांडत जायची, वरून वेगानं येणारी हवा ती उडवायची आणि लाकडाच्या टेकूंवर, छताच्या खाचांत, सगळीकडे मऊ काळा थर बसायचा.

तारखा बघितल्या तरी अंगावर येतं. सप्टेंबर १८७८ ला अबरकार्न, २६८ माणसं. जानेवारी १८७९ ला डिनास, ६३. जुलै १८८० ला रिस्का, १२०. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेनिग्रेग, १०१. आणि ही यादी फक्त अडीच वर्षांची, एका छोट्या भागातली.

त्यानं पहिल्यांदा कशावर काम केलं? लगेच धुळीवरच?

नाही. आधी हवामानावर. रॉबर्ट स्कॉट हा ब्रिटनच्या हवामान खात्याचा प्रमुख होता, त्याच्यासोबत गॅलोवेनं खाणीतल्या स्फोटांच्या तारखा आणि बॅरोमीटरचे आकडे शेजारी शेजारी मांडले आणि १८७२ ला रॉयल सोसायटीकडे, म्हणजे ब्रिटनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेकडे, पेपर दिला. मुद्दा असा की हवेचा दाब एकदम कमी झाला की खाणीतल्या जुन्या, कोळसा काढून सोडून दिलेल्या पोकळ्यांत साठलेला गॅस बाहेर येतो, म्हणजे दाब उतरला की सावध व्हा.

मग सेफ्टी लॅम्प. डेव्हीचा दिवा १८१५ चा, ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी, जाळी उष्णता शोषून घेते म्हणून आतली ज्योत बाहेरच्या गॅसला पेटवत नाही. लोकांचा त्यावर पूर्ण भरवसा होता. गॅलोवेनं एका लांब नळीच्या एका टोकाला गॅसमिश्रित हवेत जळणारा दिवा ठेवला आणि दुसऱ्या टोकाला पिस्तूल झाडलं. आवाजाच्या धक्क्यानं ज्योत जाळीतून बाहेर आली आणि बाहेरचा गॅस पेटला. खाणीत तर रोज सुरुंग उडत होते, त्यातला एखादा जोरात झाला तर दूर कुठेतरी लटकलेला 'सुरक्षित' दिवा गॅस पेटवू शकतो हा त्याचा अर्थ. हे १८७४ च्या आसपासचं.

हा प्रयोग मला धुळीच्या कामाइतकाच आवडतो कारण ज्या वस्तूवर सगळ्यांचा विश्वास बसलाय तीच त्यानं आधी तपासायला घेतली.

धुळीचा प्रश्न त्याच्या डोक्यात आला कसा?

एक गोष्ट जुळत नव्हती म्हणून. मिथेनचा स्फोट व्हायला हवेत तो साधारण ५ ते १५ टक्के असावा लागतो, पाचच्या खाली स्फोट नाही. आता खाणीत एवढा गॅस असला तर सेफ्टी लॅम्पच्या ज्योतीवर निळी टोपी दिसते, अनुभवी माणसाला साधारण २ टक्क्यांपर्यंतचा गॅस कळतो. तरीही अशा खाणी उडत होत्या जिथे त्याच सकाळी फायरमननं, म्हणजे गॅस तपासायचं काम असलेल्या माणसानं, सगळीकडे फिरून गॅस नाही असं लिहून ठेवलेलं असायचं.

यावर ठरलेलं उत्तर असं की अचानक कुठूनतरी गॅसचा मोठा लोट आला असेल. कुणी पाहिला? कुणीच नाही, जे तिथे होते ते गेले. पण दुसरं कारण माहीत नव्हतं म्हणून चौकशीत हेच लिहिलं जायचं.

गॅलोवे स्फोटानंतर खाली उतरून फिरायचा आणि बघायचा. १८७५ च्या डिसेंबरात कार्डिफजवळच्या लान खाणीत स्फोट झाला, तिथून त्याचा विचार पक्का होत गेला. ज्वाळा कुठवर गेली, टेकूंच्या कुठल्या बाजूला जळकी खपली आहे, ती कशाची आहे. ती खपली म्हणजे अर्धवट जळून चिकटलेली कोळशाची धूळ होती, कोक झालेली. आणि ज्वाळा गेली होती ती कोरड्या, धुळीनं भरलेल्या रस्त्यांवरून, जिथे खाण ओली होती तिथे ती थांबली होती. आता गंमत नाही, फार महत्त्वाचं आहे हे: ते कोरडे रस्ते बहुतेक वेळा ताजी हवा आत आणणारे रस्ते होते, म्हणजे खाणीतली सगळ्यात गॅस नसलेली जागा. गॅस नसलेल्या ठिकाणाहून आग धावत गेली असेल तर ती खात काय होती?

कोळसा जळतो हे लहान पोरालाही माहीत आहे, मग धुळीत नवीन काय?

शेगडीतला कोळसा पेटवायला आपण किती फुंकतो, कारण ढेकळाच्या फक्त वरच्या पृष्ठभागाला हवा लागते. तोच कोळसा पिठासारखा दळून हवेत उडवला तर प्रत्येक कणाभोवती हवा, सगळे कण एकदम गरम होतात, त्यातून ज्वलनशील वायू सुटतात आणि ते क्षणात पेटतात. हवेच्या एका घनमीटरमध्ये अंदाजे ५० ग्रॅम बारीक धूळ उडाली तरी स्फोटाला पुरते, म्हणजे मूठभर.

पण जमिनीवर पडलेली धूळ स्वतःहून काही करत नाही. आधी धक्का लागतो. बहुतेक वेळा तो धक्का वाया गेलेल्या सुरुंगाचा असायचा, म्हणजे भोकात भरलेली काळी दारू कोळसा न फोडता बंदुकीसारखी भोकातून बाहेर येते आणि लांब ज्वाळा फेकते. किंवा कोपऱ्यातल्या थोड्याशा गॅसचा छोटा भडका. त्या धक्क्यानं पुढची धूळ उडते, मागून येणारी ज्वाळा तिला पेटवते, ती पेटल्यानं आणखी मोठा धक्का तयार होतो, तो आणखी पुढची धूळ उडवतो. धूळ संपेपर्यंत किंवा ओली जागा येईपर्यंत हे थांबत नाही. स्फोट स्वतःचा रस्ता स्वतःच तयार करत जातो.

हे त्याच्या आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं?

आलं होतं, आणि कुणाच्या तर खुद्द मायकेल फॅरडेच्या. १८४४ ला डरहॅममधल्या हॅसवेल खाणीत ९५ माणसं गेली तेव्हा सरकारनं फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांना पाठवलं. दोघांनी रिपोर्टमध्ये लिहिलं की टेकूंवर जळलेली धूळ चिकटली आहे आणि धुळीनं स्फोटाला हातभार लावलाय. एवढ्या मोठ्या माणसांनी लिहूनही ते कागदावरच राहिलं, तीस वर्षं. फ्रान्समध्येही व्हिताल नावाच्या इंजिनिअरनं १८७५ च्या सुमारास धुळीकडे बोट दाखवलं होतं. म्हणून गॅलोवेनं पहिल्यांदा पाहिलं असं मी म्हणणार नाही, त्यानं ते सोडून दिलं नाही हे त्याचं मोठेपण.

मग सिद्ध कसं केलं?

लाकडाच्या लांब पेट्या, बोगद्यासारख्या, पंखा लावून त्यात हवा खेळवायची, मोजून गॅस सोडायचा, वरून बारीक कोळशाची पूड टाकायची आणि ज्योत धरायची. १८७६ ला रॉयल सोसायटीत त्याचा पहिला पेपर आला, कोळशाच्या धुळीचा खाणीतल्या स्फोटांवर होणारा परिणाम, आणि त्यानंतर त्याच नावाची एक मालिकाच.

पहिल्या पेपरात त्यानं सांगितलं की हवेत एक टक्क्याहूनही कमी मिथेन असला पण सोबत बारीक कोरडी धूळ असली तर मिश्रण पेट घेतं. आता हे मघाच्या आकड्यासोबत ठेवून बघा. दिव्यावर गॅस दिसतो २ टक्क्यांपासून. म्हणजे फायरमन प्रामाणिकपणे फिरून 'गॅस नाही' लिहितोय, त्याची काहीच चूक नाही, आणि खाण तरी उडायला तयार आहे. या एका निष्कर्षानं कितीतरी मेलेल्या फायरमनांवरचा हलगर्जीपणाचा ठपका पुसला जातो असं मला वाटतं.

पुढे ऱ्होंडा खोऱ्यात त्यानं मोठ्या आकारात प्रयोग केले, आणि १८८० च्या पेनिग्रेगच्या स्फोटाचा बारकाईनं अभ्यास केल्यावर तो आणखी एक पाऊल पुढे गेला: गॅस अजिबात नसला तरी नुसती धूळ पुरेशी आहे.

लोकांनी मान्य का केलं नाही?

एका कारणानं नाही, बरीच होती.

शास्त्रज्ञांतच एकमत नव्हतं. फ्रान्समध्ये माल्यार आणि ल शातलिए, दोघंही अगदी वरच्या दर्जाचे, ल शातलिएचं नाव आजही बारावीच्या केमिस्ट्रीत येतं, त्यांनी १८८२ च्या सुमारास प्रयोग करून निकाल दिला की गॅसशिवाय धूळ फारशी धोकादायक नाही. त्यांची उपकरणं छोटी होती, आणि छोट्या नळीत धुळीचा स्फोट वेग घेतच नाही. त्याला लांबी लागते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक एबल या केमिस्टनं सीअम खाणीच्या स्फोटानंतर प्रयोग केले, त्यानं धुळीचा धोका मान्य केला पण सोबत थोडा तरी गॅस हवा या बाजूला तो राहिला.

दुसरं म्हणजे खर्च. धूळ धोकादायक ठरली तर मैलोनमैल रस्ते रोज पाण्यानं भिजवायचे, पाइप टाकायचे, माणसं लावायची, धूळ उचलून बाहेर न्यायची. मालकांचा एक आक्षेप मात्र खरा होता, तोही सांगायला हवा: काही खाणींत खालची माती पाणी लागलं की फुगते, रस्ता वर येतो, छत ढिलं पडतं, आणि छत पडून मरणारी माणसं स्फोटात मरणाऱ्यांपेक्षा एकूणात जास्तच होती.

आणि तिसरं, इन्स्पेक्टरांच्या खात्यातच बऱ्याच जणांना त्याचं म्हणणं पटत नव्हतं. गॅलोवेनं पुढे ती सरकारी नोकरी सोडली आणि कन्सल्टिंग इंजिनिअर म्हणून कार्डिफमध्ये बसला.

शेवटी मान्य झालं तरी कधी?

टप्प्याटप्प्यानं, आणि फार उशिरा. १८८६ ला अॅटकिन्सन बंधूंनी, दोघंही खाण इन्स्पेक्टर, उत्तर इंग्लंडमधले स्फोट असेच पायी फिरून तपासले आणि तेही धुळीवर आले. १८८७ च्या कायद्यात सुरुंग लावायच्या जागी धूळ असली तर पाणी मारा असा नियम आला. मग हेन्री हॉल नावाच्या इन्स्पेक्टरनं तर बंद पडलेल्या उभ्या शाफ्टमध्ये वरून धूळ सोडली आणि तळाशी तोफ उडवली. गॅसचा पत्ता नाही, तरी ज्वाळा शाफ्टच्या तोंडातून वर आली. ते बघितल्यावर वाद घालायला फार काही उरत नव्हतं.

१८९१ ला रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, फक्त कोळशाच्या धुळीसाठी, अध्यक्ष जोसेफ चेंबरलेन. १८९४ च्या रिपोर्टात त्यांनी लिहिलं की गॅस अजिबात नसतानाही नुसती धूळ धोकादायक स्फोट घडवू शकते. पहिला पेपर आला तेव्हा गॅलोवे ३६ वर्षांचा होता, आता ५४ चा.

त्यानं प्रोफेसरकी पण केली ना?

हो, १८९१ ते १९०२, कार्डिफच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये माइनिंगचा प्रोफेसर. ज्या खाणींत तो इन्स्पेक्टर म्हणून फिरला त्याच खाणींचे पुढचे मॅनेजर तिथे तयार होत होते.

स्फोटात माणसं भाजून मरायची का?

काही भाजून, काही धक्क्यानं, पण जास्त माणसं विषारी हवेनं. हे गॅलोवेचं काम नाही, शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेनचं आहे. जानेवारी १८९६ ला टायलर्सटाउनच्या खाणीत ५७ माणसं गेली, हॉल्डेननं मृतदेह तपासले आणि दाखवलं की बहुतेक जण कार्बन मोनॉक्साइडनं गेलेत. धुळीचा स्फोट झाला की हवा पुरत नाही, कोळसा अर्धवट जळतो, मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. म्हणजे स्फोटापासून लांब असलेला, ओरखडाही न आलेला माणूस बाहेर यायच्या वाटेवर पडायचा. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत हॉल्डेनच्याच सांगण्यातून आली, छोटा जीव आधी लटपटतो आणि माणसाला इशारा मिळतो.

सेंगहेनिडच्या दुर्घटनेशी त्याचा काय संबंध?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर लिहिताना मला राग येतो.

सेंगहेनिड हे कार्डिफच्या उत्तरेचं गाव, तिथली युनिव्हर्सल कोलिअरी. २४ मे १९०१ ला तिथे स्फोट झाला, ८१ माणसं गेली. सरकारसाठी रिपोर्ट लिहिला गॅलोवेनं. खाण गरम आहे, कोरडी आहे, हवेत धूळ फार आहे आणि पाणी नीट मारलं जात नाही, हे त्यात आलं. म्हणजे ज्या माणसानं हे शास्त्र उभं केलं त्यानंच त्याच खाणीत उतरून सांगितलं की इथे अडचण काय आहे.

१४ ऑक्टोबर १९१३, तीच खाण. ४३९ कामगार, आणि बचावाला गेलेला एक, एकूण ४४०. ब्रिटनच्या इतिहासातली सगळ्यात मोठी खाण दुर्घटना. आधी गॅस पेटला असावा आणि मग धुळीनं तो सगळीकडे नेला. १९११ च्या कायद्यानं हवेची दिशा उलटी फिरवता येणारी यंत्रणा सांगितली होती, ती तिथे तयार नव्हती. शेवटी मॅनेजरला दंड झाला २४ पौंड आणि कंपनीला १० पौंड. एका गावात घरटी माणूस गेला होता आणि कोर्टात हे आकडे.

पाण्याऐवजी दगडाची पूड टाकायची कल्पना कुणाची? गॅलोवेचीच का?

नाही, ती विल्यम गारफर्थची. यॉर्कशरमधल्या ऑल्टोफ्ट्स खाणीचा तो मॅनेजर. १८८६ ला तिथे स्फोट झाला आणि त्यानं पाहिलं की ज्या रस्त्यांवर दगडाची धूळ पडलेली होती तिथे ज्वाळा विझली होती. कोळशाच्या धुळीत पुरेशी दगडाची पूड मिसळली तर उडताना दोन्ही एकत्र उडतात, दगडाची पूड उष्णता खाऊन टाकते आणि साखळी तुटते. पाण्यासारखी ती सुकत नाही, माती फुगवत नाही.

त्यानं १९०८ पासून ऑल्टोफ्ट्सला लोखंडी गॅलरी, म्हणजे खाणीतल्या रस्त्यासारखी लांब नळी, बांधून मोठे प्रयोग करून दाखवले. तोवर फ्रान्समध्ये मार्च १९०६ चा कुरिएरचा स्फोट होऊन गेला होता, १०९९ माणसं, युरोपातला सगळ्यात भयंकर, आणि ल शातलिएच्या देशात धुळीबद्दलची शांत झोप त्या दिवशी मोडली. ब्रिटनमध्ये दगडाची पूड सक्तीची झाली १९२० ला. गॅलोवे तेव्हा ८० वर्षांचा होता, म्हणजे निदान त्यानं ते बघितलं. १९२४ ला त्याला सर ही पदवी मिळाली आणि २ नोव्हेंबर १९२७ ला तो गेला.

याचा भारताशी किंवा महाराष्ट्राशी काही संबंध?

गॅलोवे इथे आला नव्हता. पण तो वेल्समध्ये धुळीवर डोकं खपवत होता त्याच काळात, १८७० च्या दशकात, आपल्या वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण चालू झाली, त्यासाठी वर्ध्याहून रेल्वे टाकली, आणि ती खाण १९०६ ला बंद पडली. भारतात खाण कायदा आला १९०१ ला आणि इन्स्पेक्टरांचं ऑफिस १९०२ ला, दोन्ही ब्रिटिश धर्तीवर, म्हणून वेल्समध्ये रक्त सांडून शिकलेले धडे हळूहळू इथल्या नियमांतही आले.

पण नियम कागदावर असणं वेगळं. २८ मे १९६५ ला धोरी खाण, तेव्हाचा बिहार, आताचं झारखंड, बेरमोजवळ. कोळशाच्या धुळीचा स्फोट, २६८ माणसं. पहिल्या पेपरानंतर ८९ वर्षांनी, हे मी दोनदा वजाबाकी करून बघितलं.

आज धनबादच्या डीजीएमएसच्या, म्हणजे सरकारच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या, नियमांनुसार अंडरग्राउंड खाणीत धूळ ठरावीक दिवसांनी साफ करायची, पाणी मारायचं आणि स्टोन डस्ट टाकायची, इतकी की रस्त्यावरच्या धुळीच्या नमुन्यात पाऊण भाग किंवा त्याहून जास्त न जळणारा भाग निघाला पाहिजे. सॅम्पल घेऊन लॅबला पाठवतात. डब्ल्यूसीएलच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) बल्लारपूर, सावनेर भागातल्या अंडरग्राउंड खाणींत काम केलेल्या कुणालाही विचारा, पांढरे पडलेले रस्ते त्यांच्या ओळखीचे असतात. आता विदर्भात कोळसा जास्त ओपनकास्टमधून, म्हणजे वरून उघड्या खाणींतून, निघतो, तिथे धुळीचा त्रास वेगळा, फुप्फुसांचा, तो विषय स्वतंत्र आहे.

माझा मुलगा माइनिंगला आहे, त्यानं यातलं काय वाचावं?

गॅलोवेचे रॉयल सोसायटीचे मूळ पेपर. जुने आहेत पण भाषा साधी आहे, काय केलं, काय दिसलं, कुठे शंका आहे हे क्रमानं लिहिलंय. आणि खाणीच्या अपघातांचे चौकशी रिपोर्ट, नकाशासकट. ज्वाळा कुठून कुठे गेली हे नकाशावर बोटानं फिरवून बघितलं की वर्गातली व्याख्या कायमची लक्षात राहते.

त्याच्या नावाचं आज काही शिल्लक आहे का?

आहे, आणि धुळीशी त्याचा काही संबंध नाही. शाफ्ट खोदताना आत दोरखंडांवर टांगलेला, वर खाली सरकवता येणारा मजल्यांचा प्लॅटफॉर्म वापरतात, त्याला गॅलोवे स्टेज म्हणतात. खाली तळाशी खोदकाम चालू असतं आणि त्याच वेळी वर या स्टेजवर उभं राहून गवंडी भिंतीचं अस्तर बांधत येतात, म्हणजे एक काम थांबवून दुसरं करावं लागत नाही. साउथ आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींचे दोन दोन किलोमीटर खोल शाफ्ट याच पद्धतीच्या स्टेजवरून बांधले गेले, आता दगड विटांऐवजी काँक्रीट असतं, मजले वाढलेत, पण नाव तेच आहे.